काचेवरचा लाल ठिपका

घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत असे. जुन्या ट्रकांचे मीटर दुरुस्त करावेत ते त्यानेच, अशी त्याची ख्याती होती. मूळचा काटा, मूळची तबकडी, मूळची काच. नवे काही बसवणे त्याला अपराधच वाटे. त्याच्या हाताखाली एक शिष्य सहा वर्षे शिकत होता. "वस्ताद, माझे दुकान कधी?" असे तो दर दिवाळीला विचारी, आणि वस्ताद दर दिवाळीला फराळाचे ताट त्याच्यापुढे सरकवी.

एके दिवशी गुळाचा एक व्यापारी आजोबांच्या काळातल्या ट्रकाचे सगळे मीटर घेऊन आला. यात्रेला माणसे भरून तो ट्रक घाट चढणार होता. वस्ताद शिष्याला म्हणाला, "हे काम एकट्याने कर. जमले, तर दुकानाचे बोलू."

शिष्याने आठ दिवस जीव ओतला. अडकलेले काटे मोकळे केले, तबकडीवरचे उडालेले आकडे बारीक कुंचल्याने भरले. पाण्याची उष्णता दाखवणारा मीटर तर त्याने गरम पाण्यात तपासून अगदी बरोबर करून घेतला. त्याच्या काचेवर लाल रंगाचा एक ठिपका पडला होता, तोही घासून काढला. काच लख्ख झाली तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

वस्तादाने एकेक मीटर पाहून मान डोलावली, आणि शेवटच्यापाशी तो थांबला.

"इथला ठिपका कुठे गेला?"

"डाग होता, वस्ताद. पुसला."

वस्ताद रागावला नाही. त्याने लाल रंगाची बाटली पुढे ठेवली. "होता तिथे परत लाव."

म्हातारा थट्टा करतोय, असे शिष्याला वाटले. तरी त्याने काचेच्या उजवीकडे ठिपका लावला.

"खात्री आहे?"

"नाही."

"मग पूस."

असे तीनदा झाले. शेवटी शिष्य वैतागला. "तुम्हीच सांगा ना कुठे होता."

"मलाही ठाऊक नाही. काचेवर आहे, म्हणून मी तो लक्षात ठेवला नव्हता."

शिष्याचे डोके चक्रावले. डाग पुसला तर बिघडले काय, आणि एका डागापायी सहा वर्षे पाण्यात जाणार की काय, काहीच कळेना. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर ट्रकात बसले. स्टीअरिंगवर व्यापाऱ्याचा नवा ड्रायव्हर होता. वस्तादाने जुन्या ड्रायव्हरला, ज्ञानूला, हात धरून घरून आणले. ज्ञानूने चाळीस वर्षे हाच ट्रक चालवला होता. आता त्याला दिसत नव्हते. मीटर पाहायला आंधळा माणूस कशाला आणला, हे शिष्याला उमगेना.

चौघांना घेऊन ट्रक घाट चढू लागला. ज्ञानू कान देऊन बसला होता. तिसऱ्या वळणावर तो म्हणाला, "थांबवा. म्होरं नेलंसा तर पानी उकळंल."

शिष्याने मीटर पाहिला. काटा तांबड्या पट्ट्याच्या चांगला बोटभर अलीकडे होता. "अजून पुष्कळ अवकाश आहे, मामा."

"पट्ट्याला काय ठावं? ह्यो गडी अलीकडंच तापतोय. एकदा मागली मानसं भाजता भाजता वाचली, तवा खूण केलती म्या."

ट्रक थांबला. इंजिनाच्या बाजूने पाणी खदखदू लागल्याचा आवाज आता सगळ्यांनाच ऐकू आला.

वस्ताद शांतपणे म्हणाला, "तबकडीवरचा पट्टा सगळ्या ट्रकांसाठी छापलेला असतो. हा ठिपका या एका ट्रकासाठी होता. तू मीटर निर्दोष केलास, पण ज्याने तो चाळीस वर्षे वाचला, त्याचे ज्ञान पुसून टाकलेस. ज्ञानू आहे, म्हणून आज विचारता तरी आले."

शिष्याला मनापासून शरम वाटली. त्याने बाटली उघडली आणि काट्याच्या टोकासमोर ठिपका लावला.

"खात्री आहे?" वस्तादाने विचारले.

"आहे."

काही दिवसांनी एक जुनी जीप आली. तिच्या मीटरवर चिकटपट्टीचा एक मळका तुकडा होता. शिष्याने फडके उचलले, पुन्हा खाली ठेवले, आणि मालकाला विचारले, "ही गाडी आधी कोण चालवत होते? ते भेटतील का?"

आत बसलेल्या वस्तादाने ते ऐकले. त्या दिवाळीला तो फराळाला शिष्याच्या दुकानात गेला.