रुबाबची टाळी

"एक तर तो, नाहीतर मी. सांगा सर, कोण हवाय?"

हेमराज कोल्हेनं असं विचारलं तेव्हा भिरूड सर मैदानावर चुन्याची रेघ मारत होते. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला नाही. रेघ पुरी केली आणि मग मान वर केली.

"कोण तो?"

"रुबाब."

रुबाब तडवी आमचा कॅचर आणि हेमराज पिचर. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकतो. समोर बॅट घेऊन दुसऱ्या संघाचा गडी उभा असतो, आणि त्याच्या मागे उकिडवा बसून कॅचर चेंडू झेलतो. टाळ्या पिचरला पडतात. कॅचरचं तर तोंडसुद्धा मुखवट्याआड असतं. मी पिचरच्या मागे, दुसऱ्या बेसवर उभा राहायचो. पिचरची पाठ आणि कॅचरचा मुखवटा, दोन्ही मला रोज दिसायचे.

आमचं कॉलेज तालुक्याचं. मैदानाच्या तीन बाजूंना केळी. सरावात चेंडू केळीत गेला की खेळ बंद, सगळे शोधायला. अशा संघानं त्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल गाठली. कशाच्या जोरावर? हेमराजच्या उजव्या हाताच्या. खोटं कशाला बोलू? एकामागून एक सामने त्यानं ओढून काढले. आणि त्याच्या डोक्यात हवा गेली, तेही खोटं नाही.

"रुबाबनं काय केलं?" सरांनी विचारलं.

"सेमीफायनलला सोपा चेंडू सोडला. फुकटची धाव दिली. मेलोच होतो आपण."

"अजून?"

"मी गडी बाद केला की सगळे टाळ्या वाजवतात. तो वाजवत नाही. महिना झाला, बघतोय मी. जळतो तो माझ्यावर."

हे मात्र खरं होतं. मीही पाहिलं होतं. रुबाब नुसता हसायचा, टाळी नाही. मलाही ते खटकलं होतं.

"आजवर चालवून घेतलं," हेमराज म्हणाला. "का, तर माझा चेंडू त्याच्या हातात फटाक्कन वाजतो. तो आवाज ऐकला ना सर, की पुढचा चेंडू आपोआप बरोबर जातो."

"मग त्याच्या जागी कोणाला बसवू?"

"कोणालाही बसवा. वेग माझा आहे. वाजणारच."

सरांनी आता डबा खाली ठेवला.

"बरं भो," ते म्हणाले. "आज मी बसतो."

मला हसू आवरेना. सरांना निवृत्तीला वर्ष उरलेलं. जिना चढताना गुडघे असे करकरायचे की वर्गातल्या पोरांना आधीच सावध होता यायचं. पण तरुणपणी ते स्वतः कॅचर होते. त्यांनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले. रुबाब चहा आणायला गेला होता. त्याचा ग्लोव्ह तिथंच पडला होता. सरांनी तो उचलून डाव्या हातात घालायला घेतला आणि थबकले.

आतून त्यांनी एक रुमाल काढला. चार घड्यांचा, मलमाचा वास येणारा. बघितला आणि खिशात टाकला.

"टाक," ते म्हणाले.

हेमराजनं टाकला. चेंडू ग्लोव्हमध्ये गेला. आवाज नाही.

दुसरा टाकला. नाही.

दहा टाकले, बारा टाकले. हेमराज दात-ओठ खाऊन फेकू लागला. सर आपले बादलीवर शांत, चेंडू अलगद आत घेत होते. तेराव्याला हेमराजचा तोल गेला. चौदावा सरांच्या डोक्यावरून थेट केळीत.

हेमराज जागच्या जागी उभा राहिला. चेहरा एवढासा झाला होता.

"सर... वेग गेला माझा."

"नाही गेला."

"मग वाजत का नाही?"

सरांनी ग्लोव्ह उघडून त्याच्यासमोर धरला. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये चामड्याच्या पट्ट्यांची जाळी असते, तिच्यावर बोट ठेवलं.

"इथं घेतला. इथं हाताला लागत नाही. आवाजही होत नाही."

"आणि वाजवायचा असला तर?"

सरांनी बोट सरकवलं. तळहातावर आणलं, जिथं चामडं पार झिजून पातळ झालं होतं.

"इथं."

हेमराजनं त्या पातळ चामड्यावरून अंगठा फिरवला.

तेवढ्यात रुबाब आला. उजव्या हातात किटली. ग्लास स्वेटरच्या आत कोंबलेले, त्यामुळे पोट सुटल्यासारखा दिसत होता. डावा हात खिशात.

"टाळी दे रे त्याला, हेमराज," सर म्हणाले.

हेमराजनं हात पुढं केला. रुबाबनं किटली खाली ठेवली आणि उजव्या हातानं टाळी दिली.

"डावी," सर म्हणाले.

"राहू द्या ना सर."

"डावी."

रुबाबनं हात बाहेर काढला. अरे देवा... तळहात भरिताच्या भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. काळानिळा, मधोमध सुजलेला. बोटं मिटतही नव्हती.

हेमराजचा हात हवेतच राहिला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या मॅचपासून."

"अरे गाढवा, जाळीत घ्यायचे ना!"

"घेतले होते दोन-तीन," रुबाब म्हणाला. "तुझी मान खाली गेली. पुढचे चार बॉल वाकडे टाकलेस. मग म्हटलं, जाऊ दे, वाजू दे."

तो हे इतकं सहज बोलला की माझीच मला लाज वाटली. महिनाभर हा पोरगा टाळी वाजवत नाही म्हणून आम्ही त्याच्या पाठीमागं काय काय बोललो होतो.

हेमराजनं खाली बसून किटली उचलली. रुबाबच्या स्वेटरमधून एक ग्लास ओढून काढला, भरला आणि त्याच्या उजव्या हातात दिला.

"सर," तो खालमानेनं म्हणाला, "फायनलला मागं कोण बसणार?"

"तूच म्हणालास ना, कोणीही चालेल?"

"नाही चालणार."

सर चहा प्यायले. "मग आधी त्याचा हात बरा कर," म्हणाले.

फायनलला आठ दिवस होते. आठही दिवस रुबाबनं ग्लोव्ह घातला नाही. हेमराज रोज घरून हळद-तेलाचा लेप आणायचा आणि स्वतः लावायचा. लावताना शिव्याही द्यायचा, पण हात मात्र हलका होता.

फायनलच्या दिवशी पहिला चेंडू टाकण्याआधी हेमराज रुबाबपर्यंत चालत गेला. "जाळीत घे," म्हणाला. "एक जरी वाजला तर मैदान सोडून जाईन."

एकही वाजला नाही. सुरुवातीला हेमराज गांगरलाच. वाकडे चेंडू टाकून दोन गड्यांना फुकट बेस दिले. प्रत्येक चेंडूनंतर कान टवकारायचा, मग मुखवट्याकडे बघायचा. रुबाब मान डोलवायचा, बस. हळूहळू हेमराजनं कान टवकारणं सोडलं. असा खेळला तो, काय सांगू!

आणि आम्ही हरलो. एका धावेनं. शेवटचा चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला. मीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी टोमणा मारायला नको. मी तिथंच मटकन बसलो. वाटलं, आता हेमराज मला उभा चिरतो.

सगळ्यात आधी तोच आला. बगलेत हात घालून मला उठवलं आणि पॅन्टची माती झटकली. "चल, जेवायला भरीत आहे, गार होतंय," एवढंच म्हणाला.

बक्षीस समारंभात उपविजेत्यांचा चषक घ्यायला हेमराजला बोलावलं. तो घेऊन परत आला आणि सरांशेजारी बसला. लोकांच्या टाळ्या थांबल्या होत्या. आमच्या बाकावरची एक मात्र थांबत नव्हती. वाकडी, बारीकशी टाळी. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर, जपून जपून.

हेमराजचं तिकडं लक्ष नव्हतं. चषक मांडीवर धरून तो सरांकडे वाकला.

"सर, आज एकही वाजला नाही. खरं सांगा, कसा टाकला मी?"

सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गप, भो. ऐकू दे जरा."