न थांबणारं झाड

त्या रानात गाण्याला कुणी किंमत देत नसे. गप्प बसण्याला मात्र होती. ज्याला साप दिसे तो गाता गाता थांबे, त्याचं ऐकून शेजारी थांबे, आणि असं करत सगळं रान सापाच्या पुढे पुढे गप्प होत जाई. ती शांतता बिळापर्यंत पोहोचली की मुंगूस बाहेर येई. पुढचं ते दोघे आपसांत पाहून घेत.

टिटवीचा सगळा संसार या रिवाजावर चाले. तिची अंडी झाडावर नसत, नदीकाठच्या उघड्या खड्यांत असत. दिवसभर ती ओरडत राही, त्यामुळे तिच्या ओरडण्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. पण ती गप्प झाली, की मुंगसाच्या अंगावरचे केस उभे राहत.

मग सुतारपक्ष्याने नदीपलीकडे एक वाळकं झाड उभं केलं आणि मोरराजाचा दरबार तिथेच भरला. मोर देखणा होता. आवाजाबद्दल दरबारात कुणी बोलत नसे. सुताराने झाडाला ढोल्या पाडल्या होत्या, एकेका सुराची एकेक, आणि प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं झाकण. रानातली गाणी ऐकून कोणत्या सुरामागून कोणता सूर बहुधा येतो हे त्याने मोजलं होतं, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक ढोलीत रंगीत बिया भरल्या होत्या. मुंगी न बघता एक बी उचली, तिच्या रंगाच्या ढोलीकडे जाई आणि झाकण उघडी. वारा आत शिरून सूर वाजे. मग त्या ढोलीतली बी. मुंग्या पाळीपाळीने राबत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गाणं गोड होतं, यात वाद नाही. त्यात आपलाच वाटा मोठा आहे, असं कोकीळ म्हणाला. बुलबुलही तेच म्हणाला. हळूहळू दोघांनी गाणं सोडलं, आधी सभ्यपणे, मग सवयीने. मोर खूश होता. आता रानात त्याच्याहून बरं गाणारं कुणी उरलं नव्हतं.

टिटवीला मात्र काहीतरी खटकत होतं. तिने झाडाला दोन फेऱ्या मारल्या आणि सुताराला विचारलं, हे थांबतं कधी?

“थांबायचं कशाला, बाई? बिया संपत नाहीत, मुंग्या संपत नाहीत.”

“रान थांबतं की मधे मधे. ते नाही मोजलंस?”

“मोजलं तर. पण एवढ्या सुरांत ते चिमूटभर. पाखडताना उडून गेलं.”

गप्प बसण्याची वकिली टिटवीने करावी, यावर दरबार पोट धरून हसला. मुंगूसही हसलं. ते हल्ली तिथेच बसे. बिळात गाणं नीट ऐकू येत नाही, अशी त्याची तक्रार होती.

जाता जाता टिटवीने विचारलं, ही कल्पना मुळात कुणाची? सुताराला नीटसं आठवेना. गवतातून कुणीतरी सुचवली होती. आवाज फार मऊ होता, एवढं त्याच्या ध्यानात होतं.

टिटवीने त्या हंगामात चार अंडी घातली. दुपारी नदीकाठचं गवत वाऱ्याच्या उलट दिशेने हललं, आणि त्यातून साप बाहेर आला, घाई नसलेल्या पाहुण्यासारखा. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली. कुणी मान वळवली नाही. टिटवीच ती, ओरडायचीच. पलीकडच्या काठावर मुंगूस झाडाखाली बसलं होतं, डोळे मिटून, तालावर मान डोलवत.

साप खड्यांवर चढला.

टिटवी अंड्यांपुढे येऊन उभी राहिली. तिने चोच घट्ट मिटली आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ती गप्प झाली.

पलीकडे मुंगीने पुढची बी उचलली.