दोनशे हातांवरचं घर

"...पण बाई, नकाशात चूक आहे तरी कुठे?"

डॉ. निरंजन ठोसरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. यमुनाबाई गावित शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या.

जिल्ह्याजिल्ह्यांतली सरकारी रुग्णालयं नव्याने कशी उभारायची, हे शिकायला वीस बडे अधिकारी या डोंगरातल्या उपकेंद्रावर आले होते. शिकवायला होत्या इथेच हयात घालवलेल्या, निवृत्त नर्स यमुनाबाई. एकोणीस नकाशे त्यांनी पास केले. ठोसरांचा मात्र दोनदा परत आला. उद्या तो मंत्रालयात पोहोचायला हवा होता, आणि बाईंच्या सहीशिवाय तो हलणार नव्हता.

त्यात ठोसरांचं मत असं, की इतकं देखणं रुग्णालय राज्यात कुणी काढलेलंच नाही.

"दोनशे खाटांच्या चारशे केल्यात," ते म्हणाले. "आता कुणाला व्हरांड्यात झोपावं लागणार नाही."

"आत्ता कोण झोपतं?"

"आंबापाणीचा तुळशीराम वळवी. साखरेचा आजार, पायाला जखम. बरी करून घरी पाठवतो, महिन्याभरात पुन्हा हजर. चार वेळा झालं. पुढच्या खेपेला पाय वाचेल की नाही..."

ठोसरांचा आवाज खाली आला. त्या माणसासाठी त्यांचा जीव खरंच तुटत होता.

"नकाशात त्याचं घर दाखवा."

"अहो, हा रुग्णालयाचा नकाशा आहे!"

"माप बरोबर आहे ना पण?"

"म्हणजे काय! शंभर मीटरची इमारत बरोबर हातभर काढलीय. रेघेचीही चूक सापडायची नाही."

"आंबापाणी किती लांब?"

"वीस किलोमीटर."

"म्हणजे दोनशे हात."

बाईंनी नकाशा अंगणात पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि समोरच्या माळाकडे बोट केलं.

...

ठोसर निघाले. दोन हातांचं एक पाऊल, असं मोजत कुंपण ओलांडलं, ओढा ओलांडला. विजारीला कुसळं चिकटली. मागे ओसरीवर एकोणीस अधिकारी गालातल्या गालात हसत होते.

"पोहोचलात का साहेब?" बाईंनी हाळी दिली.

"पोहोचलो!"

"काय दिसतंय?"

ठोसरांनी डोळ्यांवर हात धरला. "तुम्ही दिसताय! नकाशा नाही दिसत!"

"त्या पायाची पट्टी तिथे कोण बदलतं?"

...

'रोज पट्टी बदलणे.' घरी सोडताना तुळशीरामच्या कागदावर हे चारही वेळा ठोसरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. कोण बदलणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"कोणीच नाही," ते पुटपुटले.

"ऐकू येत नाही!"

"कोणीच नाही!" ठोसर ओरडले. सगळ्या माळाला ऐकू गेलं. त्यांचे कान लाल झाले आणि मग, का कोण जाणे, त्यांना हसूच फुटलं. ओसरीही खदखदून हसली.

"चुकलं बाई! येऊ का आता परत?"

यमुनाबाईंनी नकाशा गुंडाळून काखेत मारला. एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन त्या स्वतःच ओढ्याच्या दिशेने निघाल्या.

"थांबा तिथेच! तिथूनच काढायला घ्या."