पायाखाली गेलेलं ‘नाहीत’

फार मागं, माणसं अजून बोटं चोखत होती, तेव्हा जनावरं चिखलात लिहायची.

टिटवीची अंडी गेली, आळ आला मुंगसावर. निवाडा करणारं कासव ठार बहिरं, म्हणून जबाब लिहूनच द्यायचा. पटला नाही, तर पिल्लांसकट बीळ सोडायचं.

मुंगसाचा जीव थाऱ्यावर नाही. ‘मी अंडी खाल्ली नाहीत’ असं घाईघाईनं लिहून ते तिथंच येरझाऱ्या घालत सुटलं. कासवानं वाचलं, ‘मी अंडी खाल्ली.’

“अरेच्चा, कबूलच केलंस की!”

‘नाहीत’ मुंगसाच्याच पायाखाली गेलं होतं.

“मेल्या, बूड टेक आधी!” साळुंकी ओरडली. “आणि नुसतं नाही-नाही कोण मानतं? पुरावा लिही. सापानं अख्खी अंडी गिळली, मी पाहिलं. तेही लिही, माझ्याच शब्दांत.”

मुंगसानं बसून लिहिलं, ‘मी अंडी खाल्ली नाहीत. मी फोडून खातो, घरट्यापाशी एक टरफल नाही. साळुंकी म्हणते, “सापानं अख्खी अंडी गिळली, मी पाहिलं.”’

कासवानं सापाला जबाब मागितला. साप अंगाला वळणं देऊन अक्षरं काढायचा. पण पोटात अंडी, वळणार कसा? चिखलात नुसती सरळ रेघ उमटली.

“वा,” कासव म्हणालं, “किती स्वच्छ लिहिलंस रे!”