तेवीस पदव्यांची ट्रंक

“मग त्यांना म्हणायचं तरी काय, बाबा?”

मुकुंद तांबडेने तिसऱ्यांदा विचारलं. भिकूबाबा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. एक दाणा त्यांनी आपल्या तोंडात टाकला, एक मुकुंदच्या हातावर ठेवला.

“खा. खमंग आहेत.”

आता काय बोलावं या माणसाला! मुकुंदने दाणा खाल्ला. खमंग होता, ही गोष्ट खरी.

मुकुंद म्हणजे तालुक्यातला पहिल्या नंबरचा निवेदक. लग्न असो, जत्रेतल्या कुस्त्या असोत, नाहीतर पुढाऱ्याची सभा, माइक त्याच्याच हातात. आवाज असा की मागच्या रांगेत पेंगणारी म्हातारी दचकून पदर सावरायची. आपल्यासारखा दुसरा नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पण आज त्या आवाजाचं पार मांजर झालं होतं.

रविवारी उंबरवाडीत नव्या शाळाखोलीचं उद्घाटन होतं. आमदार सोपानराव ढगे येणार होते. कार्यकर्त्यांनी मुकुंदच्या हातात साहेबांच्या पदव्यांची यादी ठेवली होती, मोजून तेवीस. एक जरी गाळलीस तर पुन्हा या तालुक्यात माइक धरायचा नाही, अशी तंबी. आणि उंबरवाडीच्या पोरांनी उलटाच निरोप धाडला होता. सरळ ‘सोप्या’ म्हणायचं. पदवी लावलीस तर शिट्ट्या मारून सभा उधळू.

“इकडे आड, तिकडे विहीर,” मुकुंद म्हणाला. “माझं पोट या गळ्यावर आहे, बाबा. दोघांनाही चालेल असा एक शब्द द्या. एकच.”

“यादी पाठ आहे?”

“झोपेतून उठवून विचारा.”

“मग बस इथं. आमदार तूच.”

बाबा आत गेले आणि एक पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आले. मठात जो पुढारी यायचा तो बाबांच्या अंगावर शाल घालायचा, फोटो काढायचा आणि जायचा. बाबा त्या शाली थंडीत धनगरांना वाटून टाकत. तरीही ट्रंक काही रिकामी होत नव्हती. पुढारी काय कमी आहेत?

“हं, म्हण. एकेक.”

“कार्यसम्राट!”

बाबांनी त्याच्या खांद्यावर एक शाल घातली.

“विकासमहर्षी!”

दुसरी शाल.

“दीनदुबळ्यांचे कैवारी! तालुक्याचे भाग्यविधाते! तरुणांचं धडधडतं काळीज!”

तिसरी, चौथी, पाचवी. मुकुंदला आधी मजा वाटली. शाल अंगावर पडली की कुणाचीही मान थोडी ताठ होतेच. पण दिवस वैशाखाचे, वेळ भर दुपारची. सातव्या शालीला घाम कानामागून ओघळू लागला. अकराव्या शालीने तोंड झाकलं. तरी गडी थांबेना. यादी अर्ध्यात सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आतून ‘अजातशत्रू’, ‘सहकारभूषण’ असं काहीतरी पुटपुटल्यासारखं येत राहिलं आणि बाबा शाली घालत राहिले.

तेवीस झाल्या. ओसरीवर आता माणूस नव्हता, नुसता ढीग होता.

...

तेवढ्यात साखराबाई गिते आली. उंबरवाडीची बाई, रोज मठात दूध घालायची. तिने ढिगाकडे पाहिलं.

“ह्ये काय वो, बाबा?”

“आमदार आहेत.”

“अगं बाई! खरंच का काय?”

साखराबाईने चरवी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि ढिगासमोर बसली.

“सायेब, आमच्या ओढ्यावर साकव नाही बघा. पानी आलं की पोरं अल्याड अन् शाळा पल्याड. मागल्या साली माझी नात पान्यात व्हावत चालली हुती. केसाला धरून वढली म्या. आता नवी खोली बांधली म्हनं तुमी. तिथवर पोरांनी उडत जायचं का?”

ढीग हलला. “काय? मोठ्यानं बोला. काही ऐकू येत नाही...”

साखराबाईने बाबांकडे पाहिलं. “आमदारच हायती,” ती म्हणाली. तिची खात्री पटली होती.

बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला.

मुकुंदने धडाधड शाली फेकल्या आणि लालबुंद तोंड बाहेर काढलं. साखराबाईने “आँ, तांबड्यांचा मुकुंद व्हय!” म्हणून कपाळावर हात मारला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला. तालुक्याच्या निवेदकाची ही थट्टा!

“कळलं, कळलं!” तो ओरडला. “पदव्या नकोत. पोरांचंच खरं. सोप्या म्हणतो! थापाड्या म्हणतो! खुर्चीचा गोचीड म्हणतो!”

बाबांनी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

“अहो...”

दुसरं बटण काढलं.

“बाबा! बाईमाणूस बसलंय समोर!”

साखराबाईने तोंड फिरवलं. पण तिचे खांदे हसून हलत होते. बाबांचा हात तिसऱ्या बटणाकडे गेला तसा मुकुंदने दोन्ही मुठींत सदरा गच्च धरला.

“लाज वाटते मला!”

“वाटते ना?” बाबा म्हणाले आणि पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसले.

...

“मग रविवारी काय म्हणू?” मुकुंदने बटणं लावत विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“ऊन किती आहे ते बघ,” बाबा म्हणाले.

झालं. ते पुन्हा शेंगा फोडू लागले. मुकुंद शेंगांकडे बघत बसला, मग निघाला. वाटभर तो मनात बाबांच्या नावाने बोटं मोडत होता.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. मंडपात शेवटच्या रांगेत उंबरवाडीची पोरं शिट्टीसाठी बोटं तोंडात घालून तयार होती. स्टेजच्या पायरीशी कार्यकर्ते उभे होते, एकेक पदवी मोजायला. मुकुंदचा हात खिशातल्या यादीवर होता.

त्याने सोपानरावांकडे पाहिलं. डोक्यावर फेटा कानांपर्यंत आलेला, गळ्यात पाच हार नाकापर्यंत चढलेले, वर शाल. घामाने डोळे मिटलेले. बाजूचा माणूस काही सांगत होता आणि साहेब नुसती मान हलवत होते.

अरेच्चा, हे तर आपणच, त्याला वाटलं. त्याला भयंकर हसू आलं आणि त्या हसण्यात भीती कुठल्या कुठे गेली. यादी खिशातच राहिली.

“आमदार सोपानराव ढगे आलेले आहेत,” तो माइकवर म्हणाला. “समोर उंबरवाडीच्या साखराबाई गिते बसल्या आहेत. त्यांचं आमदारांकडे काम आहे.”

...

पोरांची बोटं तोंडातच राहिली, कारण शिट्टी मारावी असं कुणी काही बोललंच नव्हतं. एक कार्यकर्ता “यादी! अरे, यादी!” करत पायरी चढला. मुकुंदने डोळे मिटून घेतले. माइक गेला. गळाही गेला.

पण सोपानरावांनी हात वर केला. त्यांनी फेटा उतरवला, हार काढून टेबलावर ठेवले आणि कान पुसले.

“काय काम आहे, मावशी?”

साखराबाईने उभं राहून साकवाचं सांगितलं, नातीच्या केसांपर्यंत सगळं सांगितलं. या वेळी कुणी “मोठ्यानं बोला” म्हणालं नाही. सभा पाऊण तास आधी आटोपली. जाताना आमदार मुकुंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “सहा वर्षांत पहिल्यांदा जेवण गरम मिळालं रे! पुढच्या सभेला तूच.” कार्यकर्त्यांची तोंडं एरंडेल प्याल्यासारखी झाली.

गुरुवारी ओढ्यावर माणसं येऊन मापं घेऊन गेली. साकव व्हायचा तेव्हा होईल, पण साखराबाईने गावभर साखर वाटली.

शुक्रवारी मुकुंद मठात आला. हातात पेढ्यांचा पुडा, चालीत पुन्हा तोच जुना रुबाब. बाबा ओसरीवर होते. साखराबाई चरवीतलं दूध ओतत होती. मुकुंदचा ऊर भरून आला. या माणसाने आपलं पोट वाचवलं. त्याने लोटांगण घातलं, उठला, हात जोडले आणि घसा खाकरून मंडपातला आवाज लावला.

“परमपूज्य! ज्ञानसूर्य! त्रिकालदर्शी! भक्तजनांचे...”

बाबांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. धोतराला हात पुसले. हळूच उठले आणि आत जायला वळले.

“साखराबाई,” ते म्हणाले, “जरा हात लाव गं. ट्रंक जड आहे.”