समुद्राकडे पाठ करून

आमच्या पुळणीवर एक दगडी खुरीस, म्हणजे क्रूस आहे. त्याच्या चौथऱ्याला डावीउजवीकडे दोरांनी घासून पडलेल्या दोन खाचा आहेत. पाहुणे त्यांत बोट घालून बघतात आणि मग विचारतात. म्हातारे मिंगेलबाब तेवढ्याचीच वाट पाहत बसलेले असतात.

फार पूर्वी, असे सांगतात, वरची वाडी आणि खालची वाडी यांचे बोलणे बंद झाले होते. कारण ऐकाल तर हसाल. फेस्ताच्या सणाला खुरसापुढे प्रार्थना कोणी सांगायची, यावरून बिनसले. मग एक वाडी सकाळी गुडघे टेकायची, दुसरी संध्याकाळी. प्रार्थना तीच, देव तोच. एकमेकांची तोंडे तेवढी दिसायला नकोत.

पण रापण एका वाडीने ओढून होत नाही. होडी समुद्रात जाळ्याचा वेढा टाकते, त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकत जातात. म्हणून पोटासाठी एकत्र यायचे. एक दोर वरच्यांचा, एक खालच्यांचा, आणि आरोळी ज्याची त्याने द्यायची.

नातालीन खालच्या वाडीची लेक आणि वरच्या वाडीची सून. दोन वर्षे तिने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ती सासरच्या दोराला होती, आणि समोरच्या दोराला सगळ्यांत पुढे तिचा भाऊ पास्कू. होडीवर चौघे होते, त्यांत तिचा नवरा कायतान.

वेढा पुरा होत आला आणि वारा फिरला म्हणे. होडी उलटली, चौघेही जाळ्यात अडकले. त्या लाटांत पोहत जाणे शक्य नव्हते. जाळ्यासकट ओढून आणणे एवढाच उपाय होता. पण वरचे हिसका देत तेव्हा खालचे दम घेत, आणि खालचे ओढत तेव्हा वरचे सैल पडत. जाळे तिरके होऊन माणसांवर दुमडू लागले.

"आमच्या वांगडा ओढा," म्हणजे आमच्याबरोबर ओढा, असे पास्कू ओरडला.

"तुमी आमच्या वांगडा ओढा," इकडून तिचा सासरा इनास.

असेच चालले तर कायतानला समुद्र नव्हे, आपलीच माणसे बुडवणार, हे नातालीनला कळून चुकले. तिने दोर सोडला आणि ती खुरसापुढे गुडघ्यांवर पडली. भांडण मिटवायला ती गेली नव्हती. तिला देवाच्या अगदी पायाशी जायचे होते, बाकी कशावर तिचा भरवसाच उरला नव्हता. जीव तोडून ती म्हणाली, "प्रभू, दया कर."

ती फेस्ताचीच प्रार्थना. एकाने सांगायची, सगळ्यांनी मागून म्हणायची.

"दया कर," उजवीकडून वरचे म्हणाले, आणि त्या शब्दासरशी दोर करकरला. डावीकडून काहीच आले नाही. ती पुन्हा म्हणाली. आता डावीकडून एकट्या पास्कूचा आवाज आला, रडवेला. तिसऱ्या खेपेला दोन्ही दोर एकदम ताणले गेले.

समुद्र तिच्या पाठीमागे होता. वळून पाहायचे तिला धाडस होईना. वळले आणि चारांऐवजी तीनच डोकी दिसली, तर पुढचा शब्द फुटणार नाही. ती सांगत राहिली. किती वेळा, ते कोणालाच माहीत नाही. पण उजवीकडचे उत्तर आणि डावीकडचे उत्तर खुरसाकडे सरकत होते. लाटांनी दोर मागे खेचू नयेत म्हणून दोन्हीकडून चौथऱ्याला वळसे पडले, दगड घासू लागला, आणि तिच्या मागे एकच आवाज उरला. कोण वरचे, कोण खालचे, तिला ओळखता येईना.

मग त्यात एक घोगरा, धाप लागलेला आवाज मिसळला. "दया कर." तो कायतानचा होता.

तेव्हा ती वळली. चौघेही वाळूवर आले होते. कायतान पास्कूच्या खांद्यावर रेलला होता आणि पास्कूला इनासने धरले होते.

आजही हंगामाची पहिली रापण इथे प्रार्थनेवर ओढतात. सांगणारी बाई एका वाडीची लेक आणि दुसरीची सून असावी लागते. ज्यांचा अबोला असेल त्यांना मुद्दाम एका दोराला शेजारी उभे करतात, आणि असे दोघे दरवर्षी निघतातच, असे मिंगेलबाब सांगतात. ती बाई समुद्राकडे पाठ करून बसते. होडीवरच्या चौघांनी येऊन एकेकाने आपल्या तोंडाने 'दया कर' म्हटल्याशिवाय ती मान वळवत नाही. चौथा आवाज येईपर्यंत पुळणीवर कोणी दोर सोडत नाही.