अर्ध्या दाढीचा राजा

पूर्वी वेणुवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका न्हाव्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. राजाची दाढी करण्याचे काम त्याच्याकडे वडिलांकडून आले होते. एका घरी ऐकलेले दुसऱ्या घरी सांगायचे नाही आणि वस्तरा चालू असताना कोणी बोलायचे नाही, असे त्याचे दोन नियम होते. पहिल्या नियमामुळे लोक त्याला न्हावी मानायलाच तयार नसत. दुसरा नियम राजाला जाचू लागला होता.

कारण राजाला बातम्यांचे व्यसन जडले होते. डोळे उघडण्याआधी त्याला सीमेवरचे ऐकायला हवे, आंघोळीच्या वेळी बाजारातले, जेवताना शेजारच्या राज्यातले. हे सारे पुरवायला पिंगल नावाचा वार्ताप्रमुख होता. 'आज काही घडले नाही' असे सांगणारा माणूस पिंगलाच्या हाताखाली टिकत नसे. राजाचा घास हातातच राही. कोणी दार लोटले तरी तो दचके.

एका सकाळी भद्रकाने राजाचा उजवा गाल साफ केला होता, तोच पिंगल धावत आत आला.

"महाराज, घात झाला! आपले धाकटे बंधू विशाख दोनशे घोडेस्वार घेऊन उत्तरेकडून येताहेत. मागे झाकलेल्या गाड्या आहेत, आत शस्त्रं असणार. नगारेही बंद ठेवलेत. मी वेशीवर तिरंदाज चढवलेत. आपण फक्त येऊन इशारा द्यावा."

"माझा भाऊ! माझ्याच जिवावर!" राजा ताडकन उठू लागला. भद्रकाने वेळीच वस्तरा उचलला, म्हणून गळा वाचला.

"महाराज, मान हलतेय. हलत्या मानेवर मी वस्तरा ठेवत नाही."

"मग ठेवू नकोस! मला जायचंय."

"जावं महाराजांनी. फक्त एकदा यात पाहावं." भद्रकाने पाण्याची वाटी पुढे धरली.

अर्धी हजामत झालेला माणूस त्या नगरीत एकाच वेळी दिसे, चोराची गाढवावरून धिंड काढीत तेव्हा. त्या तोंडाने तिरंदाजांपुढे उभे राहायचे? राजा पुन्हा बसला.

"लवकर आटप."

"लवकर होत नाही, महाराज. नीट होतं."

पिंगलाचा तोल गेला. "अरे न्हाव्या, राज्य गेलं तर दाढी कोणाची करशील?"

"जो येईल त्यालाही दाढी असेलच की."

"संध्याकाळी तुझी बोटं तोडतो, थांब!"

"संध्याकाळी तोडा. आता वस्तरा चालू आहे. बोलायचं नाही."

खोली गप्प झाली. राजाचा पाय मात्र जमिनीवर टपटप आपटत होता. भद्रकाने कोमट पाण्याचे फडके त्याच्या चेहऱ्यावर दाबले आणि ते निवेपर्यंत काढले नाही. पायाची टपटप मंदावली. मग वस्तरा हनुवटीवर आला आणि रोजच्याच जागी सावकाश झाला. तेथे एक जुना व्रण होता.

राजाला आठवले, लहानपणी विशाखाने त्याला झोपाळ्यावरून ढकलले होते. आईने जखमेत हळद भरली, आणि घाबरून रडणाऱ्या विशाखाला पोटाशी धरले. आई. आई लेकीच्या गावी गेली होती. तेथे आजारी पडली होती.

"थांब!" राजा म्हणाला. भद्रकाने हात मागे घेतला. "आईला आणायला विशाखाला कोणी पाठवलं? मीच. महिन्यापूर्वी. हे स्वार मीच दिले. नगारे वाजवू नका, तिला सोसायचं नाही, हेही मीच सांगितलं होतं." तो पिंगलाकडे वळला. "तुझ्या एका तरी माणसानं गाडीजवळ जाऊन विचारलं का, आत काय आहे?"

"महाराज, तेवढा वेळ नव्हता."

स्वार दोनशेच होते. गाड्या झाकलेल्याच होत्या. नगारेही बंदच होते. न पाहता जोडलेले होते ते एवढेच, की आत शस्त्रे असणार. तेवढ्यावर भावाच्या हातून भाऊ मरणार होता.

राजा धावत सुटला, डावा गाल तसाच ठेवून. वेशीवर दोऱ्या कानापर्यंत ओढलेल्या होत्या. "धनुष्यं खाली!" तो ओरडला. त्याचे तोंड पाहून कोणी फिसकन हसले, पण धनुष्ये खाली आली. विशाख घोड्यावरून उतरून थोरल्या भावाकडे पाहतच राहिला. पहिल्या गाडीचा पडदा सरकला आणि सुकलेला एक चेहरा बाहेर आला.

"अरे सुषेणा, अर्धीच? न्हावी पळून गेला की काय?"

"पळाला नाही, आई," राजा म्हणाला. "म्हणून तर तुम्ही दोघं दिसताय मला."

दुपारी उरलेली दाढी झाल्यावर राजाने विचारले, "भद्रका, तुझं मन इतकं शांत कसं?"

"माझं मन काही वेगळ्या मातीचं नाही, महाराज. पण तोंड धुण्याआधी मी कोणाचं ऐकत नाही. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्यात डोकं घालत नाही. आणि कोणी फार घाईची बातमी आणली की विचारतो, बाबा, तू स्वतः पाहिलंस का? पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात."

राजाने पिंगलाला काढले नाही. रोज सकाळी दाढीच्या वेळी समोर गप्प बसायचे, एवढे जादा काम त्याला दिले. पिंगलाला ती बोटे तोडण्याहून मोठी शिक्षा वाटली.

उत्तिय नावाचा एक भिक्खू भिक्षेबरोबर गावभरच्या वार्ता गोळा करून आणी, आणि त्यामुळे त्याला ध्यानात क्षणभरही स्थिर बसवेना. त्याला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली व म्हटले, "उत्तिया, तेव्हा तो सुषेण राजा तू होतास. तुला रोज या वार्ता सांगणारा वेशीवरचा द्वारपाल, तो पिंगल होता. या जन्मी तुला ताप आला की कपाळावर पट्टी ठेवणारी म्हातारी उपासिका ती राजमाता होती, तुझा गुरुबंधू सुमन हा विशाख होता, आणि वस्तरा माझ्या हातात होता."

ही उपेक्षा पारमिता, म्हणजे मनाच्या समतोलाची परिपूर्णता होय. ती जगाकडे पाठ फिरवीत नाही. हात ढळू देत नाही, एवढेच.